राहिलेली चार वाक्यं

अक्का,

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय, आणि माझं मराठी बोलणं जवळजवळ थांबलंय. ऑफिसात इंग्रजी नाहीतर हिंदी. खालच्या दुकानात माझं मोडकंतोडकं कन्नड. नागपूरहून दादाचा फोन येतो, पण दादा "बरी आहेस ना?" एवढं विचारतो आणि ठेवून देतो. परवा कुकरची वाफ हातावर आली तेव्हा तोंडून "आई गं" निघालं आणि माझाच आवाज ऐकून मी दचकले. व्हाइटफील्डच्या या फ्लॅटमध्ये मराठी शब्द उमटून कितीतरी दिवस झाले होते.

तुझ्यावर काहीतरी लिहून दे, असं दोघातिघांनी सांगितलं. जन्म, नोकरी, समाजकार्य, असं. ते मला जमायचं नाही. तुझी जन्मतारीखसुद्धा मी दवाखान्याच्या कागदावर पहिल्यांदा वाचली. मला जे ठाऊक आहे ते निराळंच आहे, आणि ते चारचौघांना सांगण्यापेक्षा तुलाच सांगावंसं वाटतं. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते दुसऱ्या कुणाशी पुरं करू?

मी तुला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलं शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये नुसती हुंदडायची. त्यांना मी गोष्टीची पुस्तकं वाचायला बसवू लागले होते. तिथली फरशी थंडगार, मुलं टाचांवर बसायची. कुणीतरी मला तुझं पत्रक पाठवलं आणि म्हणालं, या बाईंना विचार. मी फोन लावला. तू कन्नडमध्ये बोललीस, मी "स्वल्प... स्वल्प..." करत अडकले आणि फोन बाजूला धरून स्वतःशीच पुटपुटले, "आता हिला सतरंजी कशी सांगू बाप्पा!"

पलीकडून खणखणीत आवाज आला, "सतरंजीला इथं जमखान म्हणतात. पण मला मराठीतच सांग की. मी निपाणीचा हाय."

बाईचा आवाज, आणि "निपाणीचा"! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुढे कळलं की तुमच्याकडे बायकाही "मी येतो", "मी बघतो" असंच म्हणतात. तू शेवटपर्यंत तसंच बोललीस. आणि मी "काय करून राहिली अक्का" म्हटलं की पोट धरून हसायचीस.

सतरंज्या मिळाल्या. जयनगरच्या एका मंगल कार्यालयाने काढून टाकलेल्या, एका कोपऱ्यात थोड्या जळलेल्या. त्या घ्यायला मी तुझ्या घरी आले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. निघताना मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला त्रास दिला." तू दारात उभी राहून रागाने बघितलंस. "अक्का म्हणतीस आणि वर तुम्ही? अक्काला कोण अहो-जाहो करतंय गं?" त्या दिवसापासून तू झालीस.

तुझं ते पत्रक. त्याला नाव ठेवायचं राहूनच गेलं, सगळे नुसतं पत्रकच म्हणायचे. या शहरात ठिकठिकाणी तरुण मुलंमुली आपापली नोकरी, कॉलेज सांभाळून वस्तीतल्या पोरांना जमवतात. कुणी फुटबॉल खेळवतं, कुणी नाटक बसवतं, कुणी जिन्यात बसून गणितं सोडवून घेतं. ना पाटी, ना ऑफिस. दोन गल्ल्या सोडून दुसरं कुणी तेच करतंय, हेही त्यांना माहीत नसतं. तू कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर आयुष्य काढलेली. निवृत्त झाल्यावर तू तेच पुढे चालू ठेवलंस, याची लाइन त्याला जोडून द्यायची. दर रविवारी दोन पानं. 'पाहिजे', 'आहे', 'होणार आहे' असे तीन भाग आणि शेवटी काहीही साहित्य न लागणारा एक खेळ. कन्नड तू लिहायचीस. इंग्रजी आणि हिंदी मी आल्यावर माझ्याकडे आलं.

त्यासाठी मी दर रविवारी मेट्रोने मॅजेस्टिकला येऊन गाडी बदलायची आणि तुझ्याकडे पोचायची. तू लिंबाच्या भाताचं चित्रान्न करून ठेवलेलं असायचं. शेंगदाणे वेगळ्या वाटीत, कारण मला कुरकुरीत लागतात. मग तू आठवडाभराच्या बातम्या सांगायला बसायचीस. अमक्या शाळेचं मैदान शनिवारी मोकळं आहे. तमक्या ठिकाणी प्रथमोपचार शिकवणार आहेत. यशवंतपूरच्या पोरांना कॅरम बोर्ड हवाय. तुझा एकच हट्ट असायचा, जाऊन बघितल्याशिवाय बातमी द्यायची नाही. एका गृहस्थांनी "वाद्ये देणे आहे" असं कळवलं, तेव्हा तू दोन बस बदलून गेलीस. तिथे एक तारा तुटलेला बुलबुलतरंग आणि एक फुटका डफ. मी म्हटलं, "आता?" तू म्हणालीस, "आता काय? डफ शिवून घेतो. बुलबुलतरंगाची पेटी पोरांना खडू ठेवायला होईल." आणि ते दोन्ही मांडीवर घेऊन बसमधून आलीस. कंडक्टरने "अम्मा, गाणं म्हणा" असं म्हटल्यावर खरंच म्हटलंस, हे तूच मला रंगवून सांगितलंस.

पत्रकातले खेळ मी शनिवारी पार्किंगमध्ये करून बघायची. एखादा फसला की रविवारी तुला सांगायची आणि तू गंभीरपणे विचारायचीस, "कुठं फसला? नियमात का खेळवणाऱ्यात?" ऑफिसात माझ्या कुठल्याच कामाबद्दल मला इतकं मन लावून कुणी विचारलेलं नाही.

आईच्या शेवटच्या दुखण्यात मी नागपूरला गेले. ते बरेच महिने चाललं. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस. आईशीही बोलायचीस. तिला तुझं "मी आलो, मी गेलो" फार आवडायचं. आई गेल्यावर मी परत आले, तर व्हाइटफील्ड स्टेशनच्या जिन्याखाली तू उभी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, हातात काठी. "एकटी कुलूप उघडू नको," एवढंच म्हणालीस. कुलूप तू उघडलंस. चार दिवस राहिलीस. मला जेवायला लावलंस, भांडी घासलीस, पण आईबद्दल एक शब्द काढला नाहीस, आणि मी काढला की टीव्ही बंद करून समोर येऊन बसायचीस. याबद्दल मी तुझे आभार कधीच मानले नाहीत. तुला ते चाललं नसतं. आता मानते.

मी नसताना, तुझा गुडघा नुकता कापलेला असताना, ती बातमी पत्रकात गेली. 'होणार आहे' या भागात. मुलामुलींसाठी मोफत निवासी शिबिर, आत्मविश्वास वाढवण्यासाठी. शिबिर घेणारा माणूस गोड बोलायचा, स्वतः फळं घेऊन तुझ्या घरी आला होता. तुला जिना उतरता येत नव्हता. तू जाऊन बघितलं नाहीस. बातमी दिलीस, मग त्याच्या पुढच्या शिबिराची दिलीस, मग आणखी एकाची.

मी परतल्यावर थोड्याच दिवसांनी, रविवारी दुपारी, नंदिनीचा फोन आला. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या वस्तीत मुलींना खो-खो शिकवणारी नंदिनी. एका कंपनीत डेटा एंट्रीचं काम करते, धीट मुलगी, पण त्या दिवशी प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करत होती. तू फोन स्पीकरवर टाकलास. तिच्या गटातली एक मुलगी शिबिर अर्ध्यावर टाकून घरी निघून आली होती. सर मुलींना समुपदेशन म्हणून एकेकीला खोलीत बोलावतात आणि दार लावून घेतात, एवढंच ती म्हणाली. पुढे काही विचारलं की पांघरूण डोक्यावरून घ्यायची.

तू फोन जवळ ओढलास. मग नंदिनीला म्हणालीस, "तू तिच्यापाशी बस. काही विचारू नको. उद्या सकाळी मी येतो."

दुसऱ्या दिवशी तू काठी टेकत इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलीस. तिथून नंदिनीला घेऊन पोलिसांत गेलीस, तिथून मुलांसाठीच्या समितीकडे. एक बाई अधिकारी त्या मुलीच्या घरी येऊन गेल्या. पण आईबापांनी मुलीला गावी पाठवून दिलं. "आमची पोर काही बोलणार नाही, आम्हाला इथंच राहायचंय," असं म्हणाले. तो माणूस म्हणाला, दार वाऱ्याने लागलं असेल. पुढे काही सरकेना. तू मात्र तुझ्या जुन्या खुर्चीत बसून एकेका गटाला फोन लावलास. सकाळी सुरू केलंस ते अंधार पडेपर्यंत. प्रत्येकाला तेच, शांत आवाजात: "त्या शिबिराला आपली मुलं पाठवू नका. कारण मी सांगू शकत नाही. मी सांगतो म्हणून पाठवू नका." त्याची शिबिरं बंद पडली. तो शहर सोडून गेला म्हणे. तुला फोनवर धमकावून गेला, वकील लावीन म्हणाला.

आणि मग आपलं भांडण लागलं.

तुला पत्रकात छापायचं होतं. त्याचं नाव नव्हे, ते कायद्यात बसणार नाही हे तुलाही कळत होतं. तुला छापायची होती आपली चूक. तू कन्नडमध्ये चार वाक्यं लिहून माझ्यासमोर धरलीस. 'आम्ही या पत्रकातून एका निवासी शिबिराची बातमी वारंवार दिली. ते शिबिर आम्ही स्वतः जाऊन पाहिलं नव्हतं. न पाहता बातमी दिली, ही आमची चूक आहे. त्या शिबिराबद्दल कोणाला काही सांगायचं असेल, तर आम्ही ऐकून घेऊ.'

मी म्हटलं, "अक्का, हे छापू नको."

"का?"

"चौकशी चालू आहे. उद्या त्याचा वकील म्हणेल, बघा, यांनी बदनामी केली. आणि वस्तीत लोक शोधत बसतील, कुठलं शिबिर, कोणाची मुलगी. ती पोर आधीच गावी जाऊन बसलीय."

"तिचं नाव कुठं हाय यात?"

"नाव लागत नाही अक्का. त्या वस्तीतून शिबिराला गेलेल्या मुली किती, आणि मधूनच परत आलेली कोण, हे तिथं सगळ्यांना माहिताय."

तू कागद खाली ठेवलास. ते तुला पटलं होतं. पण मग म्हणालीस, "आणि बाकीच्या मुली? आपण बातमी देऊन पाठवलेल्या? त्यांच्यातली एखादी बोलायची वाट बघत असली तर? तिला कसं कळायचं की कोणी ऐकणारं हाय?"

त्यावर मी म्हटलं की आपण नियम छापू. कुठल्याही गटात मुलांसोबत एकटं मोठं माणूस नको, दार उघडं हवं, आईवडिलांना जागा दाखवलेली हवी, मूल "नको" म्हणालं तर कारण विचारायचं नाही. मी ते साध्या भाषेत लिहिले, तू कन्नडमध्ये आणलेस. पुढचे कित्येक आठवडे ते पहिल्या पानावर गेले. खूप गटांनी भिंतीवर लावले. पण प्रत्येक रविवारी ते पान बघून तू एकच म्हणायचीस, "नियम दुसऱ्यांना. आणि आपण?"

मी चिडायची. एकदा म्हटलं, "तुला माफी मागून मोकळं व्हायचंय, एवढंच आहे ते." ते तुला लागलं. तू उठून आत गेलीस, कॉफी करून आणलीस, माझा पेला समोर ठेवलास आणि म्हणालीस, "मोकळं व्हायचं असतं तर देवळात गेलो असतो. छापायला कशाला पाहिजे?"

पत्रकावरचा विश्वास जाईल, असंही मी म्हणायची. ही मुलं आपल्या शब्दावर पोरांना कुठंही घेऊन जातात. आपणच चुकलो म्हटल्यावर उद्या प्रथमोपचाराच्या वर्गालाही कोणी जाणार नाही. तू म्हणायचीस, आंधळा विश्वास गेला तर बरंच झालं. मी म्हणायची, विश्वास असा हवा तेवढा मोजून जात नाही अक्का, गेला की सगळाच जातो. असं महिनोन् महिने. हसत सुरू व्हायचं आणि हसत संपायचं नाही.

शेवटच्या रविवारीही तेच झालं. चौकशी थंडावली होती. तू म्हणालीस, "आता तर कोणाची अडचण नाही." मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बघू." तू चष्मा काढलास, डोळे चोळलेस. "सरी, बरं," म्हणालीस. "पुढच्या आठवड्यात." मी निघाले तेव्हा दारापर्यंत आलीस, नेहमीसारखी. जिन्यातून वळून मी हात केला. तू केलास की नाही ते आता आठवत नाही. खूप प्रयत्न केला, आठवत नाही.

गुरुवारी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना तुझ्या शेजारणीचा फोन आला. दुपारी खुर्चीतच गेलीस, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

निपाणीहून तुझा भाचा आला. स्मशानात मी धरून चालले होते की पाच-दहा माणसं असतील. अक्का, पोरं येतच राहिली. खो-खोच्या मुली, फुटबॉलवाले, नाटकवाले, कॅरम मागणारी आणि तुझा तो शिवलेला डफ घेऊन गेलेली यशवंतपूरची पोरं. सगळे एकमेकांची नावं फोनवरून ओळखणारे, एकमेकांना कधीच न भेटलेले. तिथे उभ्याउभ्या हलक्या आवाजात विचारत होते, "तुम्हीच का ते कॅरमवाले?" मी एका बाजूला उभी होते. तुझ्याबद्दल मला मराठीतच काहीतरी बोलावंसं वाटत होतं आणि त्या एवढ्या गर्दीत मराठी कळणारं माणूस एकच होतं, तुझा भाचा. त्याला रांगेत उभं राहून सह्या करायच्या होत्या.

जाताना त्याने तुझा फोन माझ्या हातात दिला. "मावशीचा नंबर बंद करू का? सारखे फोन येतायत." मी म्हटलं, नको, माझ्याकडे दे. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. सकाळी वाजतो. "अक्का, फुटबॉल मिळेल का?" प्रत्येकाला मलाच सांगावं लागतं. कन्नडमध्ये 'अक्का वारल्या' कसं म्हणायचं ते मी नंदिनीकडून शिकून घेतलं. पहिल्या काही फोनांना रडले. मग एका मुलाने बातमी ऐकून विचारलं, "पण पत्रक येईल ना?" आणि मला त्याचा रागही आला नाही.

पहिले दोन रविवार पत्रक निघालं नाही. तिसऱ्या रविवारी मी माझ्याच टेबलाशी बसले. मैदान, वर्ग, कॅरम, सगळं लिहिलं; त्याचं कन्नड नंदिनी करून देणार होती. तू गेल्याची बातमी एका ओळीत. मग उरलेल्या जागेकडे बघत बसले. तुझी ती चार वाक्यं मला तोंडपाठ होती, इतक्या वेळा तू ती वाचून दाखवली होतीस.

तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. तेव्हा छापलं असतं तर त्या मुलीला त्रास झाला असता, असं मला अजूनही वाटतं. मी छापलं ते तुझं पटलं म्हणूनही नाही. तू नाहीस म्हणून हरल्यासारखं छापलं, असंही नाही. आतापर्यंत तू माझ्यासमोर बसून विचारत होतीस, "आणि बाकीच्या मुली?" आता तो प्रश्न विचारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि उत्तर तर अजून द्यायचंच होतं. नंदिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या गटातली मुलगी आता इथे नाही. तिच्या आईला मी विचारून घेते." संध्याकाळी तिचा निरोप आला. आई म्हणाली, छापा.

छापलं. दोन गटांनी लगेच कळवलं, आम्हाला यापुढे पत्रक पाठवू नका. एका मुलाने मला फोनवर सुनावलं, "अक्का असत्या तर असं झालं नसतं." तू हसली असतीस.

मंगळवारी तुझ्या फोनवर देवनहळ्ळीहून एका बाईचा फोन आला. रेखा नाव. तिकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये ती मुलींचा अभ्यास घेते. ती म्हणाली, "ते वाक्य छापलंय ना तुम्ही, ऐकून घेऊ म्हणून. आमची एक मुलगी आहे. शिबिराहून आल्यापासून ती अभ्यासाला येत नव्हती. आम्हाला वाटलं, मोठी झाली, कंटाळली. काल तिने पत्रक वाचलं आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणते, ज्यांनी छापलंय त्यांना घेऊन या."

मी रजा टाकली. नंदिनीनेही टाकली. बसने गेलो. तिथल्या किल्ल्याच्या पलीकडे शेतांमध्ये प्लॉट पाडलेत, मधूनच एखादं द्राक्षाचं शेत अजून शिल्लक. तिथल्याच एका घरात ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तिने आधी नंदिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग बोलायला लागली. ती कन्नडमध्ये बोलत होती, भराभर, कुठेही न थांबता. मला अर्धंच कळत होतं. अर्धं पुरेसं होतं. तिची आई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि तो हात तिने एकदाही काढला नाही.

नंदिनीने कळवलं होतं, दुपारी त्याच बाई अधिकारी आल्या. साध्या साडीत. तक्रार नोंदली गेली, या वेळी मुलीच्या तोंडून, आईच्या सहीने. नंदिनीच्या गटातल्या मुलीची आईसुद्धा आता बोलायला तयार आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तो माणूस सापडेल, नाही सापडेल. खटला किती वर्षं चालेल, तेही नाही. पण ती मुलगी आम्ही निघताना उठून अंगणात आली. रेखाला विचारत होती, आज अभ्यास आहे का.

तिच्या आईने मला फाटकापाशी थांबवलं. "अक्का तुम्हीच का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, अक्का वेगळ्या. त्या गेल्या. तिला वाईट वाटलं. तिने आत जाऊन पिशवीभर द्राक्षं आणली आणि म्हणाली, मग त्यांच्या घरी द्या. तुझ्या घरी आता कोणी नाही, हे मला तिला सांगवेना. मी पिशवी घेतली.

परतीच्या बसमध्ये नंदिनी खिडकीला डोकं टेकून बसली होती. हेब्बाळच्या आधी गाडी रहदारीत अडकली. माझ्या मनात एकच होतं, तुला सांगायचं. ती मुलगी बोलली, हे सांगायचं. आणि दोन गट गेले, हेही सांगायचं, म्हणजे तू म्हणाली असतीस, "गेले तर गेले," आणि मी म्हटलं असतं, "असं कसं अक्का?", आणि आपलं पुन्हा सुरू झालं असतं.

मी माझा फोन काढला आणि तुझं नाव दाबलं. विचार करून नाही, हात सवयीने गेला. पायाशी द्राक्षांच्या पिशवीशेजारी ठेवलेल्या माझ्या बॅगेत तुझा फोन वाजायला लागला.

नंदिनीने डोळे उघडले. "अक्का, फोन," ती मला म्हणाली. "घ्या ना. कुणालातरी काहीतरी हवं असेल."

मी माझ्या हातातला फोन बंद केला. तेव्हा कुठे तो वाजायचा थांबला.